एसीचं पाणी जातं कुठं?

आज आम्ही एसीच्या पाण्याबद्दल बोलणार आहोत. विषय सांगितला तेव्हा स्टुडिओतल्या ताईसुद्धा हसल्या. बचत गटाच्या बायकांना एसीशी काय घेणं, असं त्यांना वाटलं असेल. पण मराठवाड्यातला मे महिना आता काढवत नाही. पाच वर्षांपूर्वी आमच्या गावात एकही एसी नव्हता, आज सात आहेत. कुणाकडे आजारी सासरे आहेत, कुणाकडे बाळंतीण आहे. हौस म्हणून घेतलेला त्यात एखादाच. आणि त्या सातपैकी एका एसीनं आमच्या गटाचं खरिपाचं बँकेचं कर्ज दीड महिना अडकवून ठेवलं. ते कसं, ते आधी ऐका.

आमच्या कोषाध्यक्ष ताईंची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. एप्रिल संपत आलेला, डोक्यावर स्लॅब, रात्री बारालाही भिंतीला हात लावला तर गरम. ताईंनी गटाकडे अंतर्गत कर्ज मागितलं, 35,000 रुपये, दीड टनाच्या एसीसाठी. बैठकीत कुरबुर झाली. एक मावशी तोंडावर म्हणाल्या, "गटाचा पैसा शेळीला द्या, शिलाई मशीनला द्या. गार वाऱ्याला कशाला?" आम्ही समन्वयक म्हणून बाळंतिणीची बाजू घेतली. ठराव झाला, एसी आला. दुकानातून आलेल्या मुलानं दोन तासांत तो भिंतीवर चढवला, गार वारा सुरू करून दाखवला आणि पैसे घेऊन गेला. सगळा मे महिना छान गेला. पाण्याचा एक थेंब कुठं सांडला नाही.

मग मृगाचा पाऊस पडला. चौथ्या दिवशी पहाटेच ताईंचा फोन आला. एसीच्या बरोबर खाली गटाचं लोखंडी कपाट होतं. बँकेची फाइल तयार करायची म्हणून रोजकीर्द, खतावणी आणि ठराव वही आदल्या संध्याकाळी कपाटाच्या माथ्यावर काढून ठेवलेली. रात्रभर एसीच्या खालच्या कडेवरून पाणी ठिबकत राहिलं ते थेट वह्यांवर. बाळ-बाळंतीण दुसऱ्या टोकाला झोपलेली, पंख्याच्या आवाजात कुणाला कळलं नाही.

जेल पेननं लिहिलेले आकडे निळं पाणी होऊन गेले. बॉलपेनचे राहिले. तेव्हापासून आमच्या गटांत जेल पेन बंद आहे, तुम्हीही करा. अकरा जणींची वैयक्तिक पासबुकं गोळा करून, एकेक हप्ता विचारून खतावणी पुन्हा लिहायला तीन आठवडे लागले. तोवर बँकेची तारीख गेली आणि पेरणी तोंडावर आली. दोघीतिघींनी बियाण्यासाठी सावकाराचं दार गाठलं. शिवाय त्या बोलणाऱ्या मावशींच्या 600 रुपयांचा मेळ काही लागेना. कोषाध्यक्ष ताईंनी अकरा वर्षं एक रुपया इकडचा तिकडे केला नव्हता, पण त्या दिवसांत लोक त्यांच्याकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागले. त्यांनी तर एसी विकून टाकते म्हणून हट्ट धरला होता.

आता मुद्द्याचं. दोन महिने कोरडा राहिलेला एसी जूनमध्येच का गळला?

पुष्कळ बायकांना वाटतं, कूलरसारखं एसीच्या पोटातही पाणी असतं. तसं नाही. कूलरमध्ये आपण पाणी ओततो आणि तो ते हवेत उडवतो. एसीचं काम उलटं आहे. तो खोलीतल्या हवेतलं पाणी काढून बाहेर देतो. पावसाळ्यात फ्रिजच्या पाण्यानं भरलेला स्टीलचा तांब्या ओट्यावर ठेवला की बाहेरून घाम फुटल्यासारखे थेंब येतात ना? तांब्या गळत नसतो. हवेतली वाफ गार धातूला लागून पाणी होते. एसीच्या आत तांब्याच्या नळ्यांवर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांची जाळी असते. तिला कॉइल म्हणतात. ती असते साधारण 10 अंशांच्या आसपास गार. पंखा खोलीतली हवा तिच्यावरून फिरवतो आणि त्या जाळीला तांब्यासारखाच घाम फुटतो. तो घाम खाली एका लांबट ताटलीत पडतो. त्या ड्रेन ट्रेला आपली पन्हळच समजा. पन्हळीतून एक नळी भिंतीतल्या भोकातून बाहेर जाते. आपण घरात लावतो त्या साध्या एसीत या पाण्याला ढकलायला मोटार नसते. पाटाचं पाणी जसं फक्त उतारानं जातं, तसंच हेही. उतार चुकला की संपलं.

खरं म्हणजे हवेतलं पाणी काढणं हेच या यंत्राचं पहिलं काम. 1902 साली अमेरिकेत, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात दमट हवेनं कागद फुगायचा आणि रंगावर रंग नीट बसायचा नाही. विलिस कॅरिअर नावाच्या तरुण इंजिनिअरनं हवेतला दमटपणा आटोक्यात ठेवणारी यंत्रणा त्या छापखान्यासाठी आखली. आजच्या एसीची सुरुवात तिथली. कागद वाचवायला जन्मलेल्या यंत्रानं आमच्या वह्या भिजवल्या, काय म्हणावं!

तर एप्रिल आणि जूनचा फरक. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी हवा 40 अंश तापते, पण कोरडी ठणठणीत असते. आर्द्रता 15 टक्के असली तर एक घनमीटर हवेत, म्हणजे एक मीटर लांब, रुंद आणि उंच एवढ्या हवेत, जेमतेम 8 ग्रॅम वाफ असते. पाऊस पडल्यावर हवा 30 अंशांवर येते, पण आर्द्रता 80 टक्क्यांवर जाते. तेवढ्याच हवेत आता 24 ग्रॅम वाफ. तिप्पट. आणि 10 अंशांच्या गार हवेत मावते फार तर साडेनऊ ग्रॅम. म्हणजे एप्रिलच्या 8 ग्रॅमला पाणी व्हायचं कारणच नाही. पावसाळ्यातल्या 24 ग्रॅममधला निम्म्याहून जास्त भाग मात्र जाळीवर उतरतो. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली घ्या. पावसाळ्यात तिच्या हवेत पाऊण लिटरहून जास्त पाणी असतं, डोळ्याला न दिसणारं. दार उघडलं की नवी दमट हवा आत येते. माणसांच्या श्वासाची भर पडते ती वेगळीच. आम्ही नंतर ताईंच्या घरी नळीखाली बादली लावून मोजलं. जुलैतल्या एका रात्री, नऊ तासांत, अकरा लिटर पाणी निघालं. एक कळशीभर!

दुकानातल्या मुलानं भिंतीत भोक पाडलं होतं ते बाहेरच्या बाजूला आतल्यापेक्षा बोटभर उंच. नळी बाहेर पडताना चढ चढत होती. एप्रिल-मेमध्ये पाणीच तयार होत नव्हतं, म्हणून ही चूक लपून राहिली. म्हणून आमचं पहिलं आणि सगळ्यात मोठं सांगणं हे: उन्हाळ्यात एसी बसवाल तर पावसाळ्याची वाट बघू नका. बसवणारा घरात असतानाच, पैसे द्यायच्या आधी, त्याला म्हणा, "दादा, ट्रेमध्ये लोटाभर पाणी ओतून दाखवा." तो वीज बंद करून, झाकण काढून सावकाश लिटरभर पाणी ओतेल. एकीनं बाहेर नळीच्या टोकाशी उभं राहायचं, दुसरीनं आत भिंतीकडे बघायचं. पाणी लगेच धारेनं बाहेर आलं आणि आत एक थेंब पडला नाही, तर पैसे द्या. तो कुरकुरेल, वेळ नाही म्हणेल. आपण खुर्ची द्यायची, चहा ठेवायचा, पण पाणी ओतल्याशिवाय सोडायचं नाही. झाकण काढून पाणी ओतायचं हे काम मात्र स्वतः करू नका, आत एका बाजूला विजेची सर्किट पट्टी असते.

भोक पाडतानाही लक्ष द्या. भोक आतून बाहेर उतरतं हवं. बाहेरची नळी प्रत्येक मीटरला निदान एक सेंटिमीटर तरी खाली जायला हवी, जास्त उतरली तर उत्तमच. मध्ये कपड्याच्या दोरीसारखा झोळ नको. झोळात पाणी साचतं आणि तिथंच गाळ बसतो. आतलं यंत्र आडवं सपाट आहे का, ते गवंड्याच्या लेव्हलनं तपासता येतं. नळी आणि भिंत यांच्यातली फट बाहेरून नीट बुजवून घ्या, नाहीतर वळवाचा पाऊस तिथूनच आत येतो आणि दोष एसीला लागतो.

आणि जागा. पाळण्यावर, कपाटावर, धान्याच्या कोठीवर, टीव्हीवर, इन्व्हर्टरवर एसी नको. आपल्याकडे एसीच्या अगदी खाली स्टॅबिलायझर ठोकायची पद्धत पडली आहे, वायर कमी लागते म्हणून. वरून पाणी गळलं तर ते थेट विजेच्या डब्यात! तो बाजूला, दोन हात लांब लावून घ्या. प्लगचंही तेच. जमलं तर वायरमनला सांगून 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. वीज भलत्या वाटेनं गळायला लागली की तो क्षणात पुरवठा तोडतो. अर्थिंग नसलेल्या घरात एसी लावणं म्हणजे विषाची परीक्षा.

वह्यांचं निस्तरल्यावर आम्ही तिघीचौघींनी गावातले बाकीचे सहा एसी बघितले. म्हटलं, आपलं झालं ते दुसरीचं नको. पाहिलेलं सांगतो.

एका घरी नळीचं टोक पाण्याच्या कॅनमध्ये सोडलं होतं. पाणी वाया जाऊ नये हा हेतू चांगला. पण कॅन भरला की टोक पाण्यात बुडतं. वरून येणाऱ्या पाण्याला आतली हवा ढकलता येत नाही आणि पाणी मागे तुंबतं. टोक भांड्याच्या काठापेक्षा निदान चार बोटं वर हवं. कॅन भरून वाहिला तरी चालेल, टोक बुडता कामा नये.

दुसरीकडे नळी चांगली उताराची, तरी पाणी आत. टोकाशी बघितलं तर कुंभारणीनं मातीचं घर बांधलेलं. ती चिखलाची घरं करणारी माशी हो, भिंतीच्या कोपऱ्यात, कुलपाच्या भोकात बांधते ती. हिवाळाभर एसी बंद, नळी कोरडी, तिला आयती खोली मिळाली. मुंग्या, कोळी, कधी पालीचं पिल्लूही निघतं. टोकाला मोठ्या भोकांची जाळी सैल बांधा. मच्छरदाणीचं बारीक कापड नको, ते गाळानं स्वतःच बुजतं. उन्हाळा सुरू होताना पहिल्यांदा एसी लावण्याआधी टोक बघायचंच.

तिसऱ्या घरी नळीत आतूनच शेवाळासारखा बुळबुळीत चिकटा धरला होता. खोलीतली धूळ पाण्याबरोबर ट्रेमध्ये येते, ओल कायम असते, मग तो धरणारच. तिथल्या वहिनींच्या मुलानं सायकलच्या पंपानं बाहेरून हवा मारली होती. तसं करू नका. घाण उलटी ट्रेमध्ये जाते आणि आतला सांधा निसटतो. घाण बाहेरच्या बाजूला ओढायची असते. मेकॅनिककडे त्याचं यंत्र असतं. आम्ही मात्र एसीचा मेन स्विच बंद करून रंगपंचमीची मोठी पिचकारी नळीच्या टोकाला चिंधी गुंडाळून घट्ट बसवली आणि दांडा मागे ओढला. चारपाच वेळा ओढल्यावर काळा गोळा बाहेर पडला आणि मागून धार लागली. तोंडानं ओढायचा विचारही करू नका. संडास धुवायचं ॲसिड तर अजिबात ओतू नका, ॲल्युमिनियमची जाळी खाऊन टाकतं.

चौथं घर शिक्षकांचं. तिथं पाणी रोज गळायचं नाही, लाईट गेली की गळायचं. त्यांना वाटायचं, महावितरणचा आणि एसीचा काही संबंध असेल. संबंध होता तो असा. फिल्टरवर धुळीची गोधडी बसलेली. जाळीवरून पुरेशी हवा जात नव्हती, म्हणून तिच्यावर घामाऐवजी बर्फ धरत होता. लाईट गेली की सगळा बर्फ एकदम वितळायचा, पन्हळीला एवढं पाणी झेपायचं नाही, ते भिंतीवरून खाली. फिल्टर धुतला आणि गळती थांबली. फिल्टर धुऊनही बर्फ धरत असेल तर गॅस कमी झाला असण्याचा संभव असतो, तेव्हा मेकॅनिक बोलवायचा. गॅस नुसता भरून घेऊ नका. गळती कुठं आहे ते शोधून बंद करायला सांगा, नाहीतर दर उन्हाळ्याला पैसे जातील.

फिल्टर धुणं हे आपल्या हातातलं काम आहे. मेन स्विच बंद करायचा, पुढचं झाकण उचलायचं, जाळीचे दोन फिल्टर सरकवून काढायचे, नळाखाली साध्या पाण्यानं धुवायचे, सावलीत वाळवून परत लावायचे. गावात मळणीची, रस्त्याची धूळ असते, म्हणून पंधरा दिवसांनी एकदा. गट बैठकीच्या आदल्या दिवशी धुवायचा असं आम्ही ठरवलंय, म्हणजे लक्षात राहतं.

पाचव्या घरी ट्रेचं पाणी नीट बाहेर जात होतं आणि तरीही कोपऱ्यात भिंत ओली. तिथं गॅसच्या तांब्याच्या नळीवरचं काळं स्पंजासारखं आवरण उंदरानं कुरतडलं होतं. उघड्या गार नळीलाच घाम येत होता. नवं आवरण घालून वर टेप गुंडाळली, काम झालं. सहावा एसी ठणठणीत होता.

आता समजा, रात्री टपटप ऐकू आलंच. रिमोटनं बंद करून झोपू नका. हात कोरडे करून, कोरड्या जागी उभं राहून एसीचा मेन स्विच पाडा. प्लग किंवा स्टॅबिलायझर ओला झाला असेल तर त्याला हात न लावता घराचा मुख्य स्विच बंद करा. मग खालची अंथरुणं, धान्य, वह्या हलवा आणि बादली लावा. बर्फ दिसला तर सुरीनं, चमच्यानं खरवडू नका, नळी फुटते. तो आपोआप वितळू द्या. दुसऱ्या दिवशी पाणी आलं नाही म्हणून विसरायचं नाही, कारण सापडेपर्यंत एसी बंद.

हवा दमट असताना सोपी तपासणी आहे. एसी चालू करून अर्ध्या तासानं बाहेर जाऊन नळी बघा. ती ठिबकत असली तर ठीक. बाहेर पाऊसपाणी, अंग चिकचिकतंय आणि नळी मात्र कोरडी, तर पाणी दुसरीकडे कुठं तरी साचतंय.

भिंतीचं थोडं सांगतो, कारण नुकसान तिथं हळू होतं. सिमेंटची भिंत ओली झाली तर गिलावा फुगतो, रंगाचे पोपडे सुटतात, काळी बुरशी येते. लगेच रंग मारला तर ओल आत कोंडते. आधी गळती थांबवा, पंखा लावून भिंत पूर्ण वाळू द्या, मग पोपडे खरवडा. पण पांढऱ्या मातीच्या जुन्या भिंतींच्या घरात याहून जपायला हवं. तिथं आत गळणं तर वाईटच. शिवाय बाहेरची नळी भिंतीच्या पायाशी सोडली तर रोजचं कळशीभर पाणी पायात मुरतं आणि मातीची भिंत खालून खचायला लागते. ते पाणी भिंतीपासून चार हात लांब न्या. शेजाऱ्यांच्या अंगणातही सोडू नका, आमच्या गावात त्यावरून दोन घरांचं बोलणं बंद आहे.

या पाण्याचं काय करायचं, हे प्रत्येक बैठकीत विचारलं जातं. दिसायला ते स्वच्छ असतं. त्यात क्षार फारसे नसतात, पण खोलीतली धूळ, ट्रेमधले जंतू, जाळीच्या धातूचा अंश असतो. प्यायला नको, स्वयंपाकाला नको, जनावरांच्या हौदातही नको. इन्व्हर्टरच्या बॅटरीत काहीजण ओतत असतात, तेही करू नका, तिला विकतचं डिस्टिल्ड पाणीच लागतं. फरशी पुसायला, संडासात टाकायला, फुलझाडांना खुशाल वापरा.

भिजलेल्या वह्यांबद्दल एवढंच, की पानं ओढून सोडवू नका आणि कडक उन्हात टाकू नका. मधे मधे कोरा कागद घालून पंख्याखाली वाळवा, कागद बदलत राहा. आमच्या ठराव वहीची बरीचशी पानं तशी वाचली. आता दर महिन्याच्या शेवटी खतावणीच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून दोन जणींकडे ठेवतो.

ताईंचं भोक तालुक्याच्या मेकॅनिकनं नव्यानं पाडून दिलं, साडेसातशे रुपये घेतले. नळी मागच्या कढीपत्त्याच्या आळ्यावर वीतभर उंच सोडली आहे. कपाट समोरच्या भिंतीला गेलं. मावशींच्या 600 रुपयांचा मेळही शेवटी लागला. हळदीचा हात लागून त्यांच्याच पासबुकाची दोन पानं एकमेकांना चिकटली होती, हप्ता त्या दोन पानांच्या मध्ये होता.